पाण्याचे माप आणि माणसाचे माप

स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी ह्या विषयांत पीएच्. डी.च्या पदवीसाठी जे प्रबंध लिहिले जातात, ते पेठेतला माणूस सहसा वाचीत नाही. ते इंग्रजीत असतात, त्यांत आकडे आणि आलेख फार असतात, आणि पदवी मिळाली की ते ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतात. परंतु त्यांचे विषय पाहिले तर ते आपल्या अंगणातले आणि मोरीतले असतात. नळाला पाणी किती दाबाने यावे, नदीचा पूर कोणत्या रेषेपर्यंत चढेल, मैलापाणी कोठे न्यावे, मातीचा बांध कशाने खचतो, शहराच्या कचऱ्याचे काय करावे, हे ते प्रश्न. चार-पाच वर्षे एकच प्रश्न धरून बसायचे, माप घ्यायचे, माप कोठे चुकते ते शोधायचे, आणि आजवर कोणास ठाऊक नव्हते असे थोडेसे काही सिद्ध करायचे, ह्याला संशोधन म्हणतात. हे काम कष्टाचे आहे, आणि कष्टाच्या कोणत्याही कामाबद्दल आम्हांला आदर आहे.

आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. खोदाई आणि बांधकाम करणाऱ्या मजुरांची संघटना बांधण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, आणि जे वाचन झाले ते रात्री, नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा अभियंत्यांना अभियांत्रिकी सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांला एवढेच पाहावयाचे आहे की, ह्या पुणे शहरात पाण्याचे शास्त्र वाढले कसे, ते वाढताना माणसाची मोजदाद कोणी केली, आणि जेथे ती झाली नाही तेथे काय घडले.

कात्रजचा नळ

आपल्या सदाशिव पेठेपासूनच आरंभ करू. सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ नदीपासून दूर. येथल्या वाड्यांना आड होते, परंतु वाढत्या वस्तीला ते पुरण्यासारखे नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, आंबील ओढ्यावर कात्रज येथे बांध घालून तलाव केला आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. कात्रज उंचावर, शहर सखल. तेवढ्या उतारावरच सारे काम चालले. पंप नाही, चाक नाही. नळ म्हणजे आजच्यासारखी लोखंडी नळी नव्हे, तर माणूस आत शिरून गाळ काढू शकेल असा बांधीव मार्ग. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा जोर आटोक्यात राही आणि गाळ बसण्यास अवकाश मिळे. पुढे हे पाणी शहरातल्या हौदांत खेळविले. इतरही नळ आले. नाना फडणविसांच्या नावाचा नळ सदाशिव पेठेतल्या हौदाला पाणी देत असे.

ह्या कामावर प्रबंध कोणी लिहिला नव्हता. उतार किती ठेवावा, चुन्यात काय घालावे, उच्छ्वास किती अंतरावर असावा, हे ज्ञान गवंड्याच्या आणि पाथरवटाच्या हातात होते. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर अभ्यासक आज तो नळ मोजतात आणि त्या उताराचे कौतुक करतात. परंतु ज्यांनी तो साधला त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपण घेऊ शकत नाही. बांधविणारा आपणांस पाठ आहे, बांधणारा हरवला.

आणखीही एक गोष्ट हरवून चालणार नाही. पाणी उतारावरून सर्वांकडे सारखे वाहत होते, पण हौदावर सर्वांना सारखा प्रवेश नव्हता. अस्पृश्य मानलेल्या बाईला घागर घेऊन तासन्‌तास कोणाची तरी दया येईपर्यंत थांबावे लागे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात आला तो १९२३ साली, आणि तो ठराव खरा करून दाखविण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. नळाचा उतार साधणे जितके अवघड होते, त्याहून हा उतार साधणे अवघड ठरले.

खडकवासला आणि एक रत्तल धान्य

इंग्रजी अमलात पाण्याचे शास्त्र कागदावर आले. १८५४ साली पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करणारी शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, आणि २०२२ पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. १८७९ साली ते पुरे झाले. त्याचे कालवे शेतीसाठी निघाले आणि लष्कराच्या छावणीला व शहराला पाणी मिळाले.

हे धरण चढत असतानाच १८७६–७७ चा दुष्काळ दख्खनवर आला. हजारो कुणबी, महार, मांग, बलुतेदार सरकारी कामांवर माती वाहू लागले आणि खडी फोडू लागले. व्हाइसरॉयने पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी ह्या माणसांचे एक माप ठरविले : पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडी रोकड. एवढ्यावर माणूस काम करू शकतो की नाही, हा त्यांच्या लेखी प्रयोग होता. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात हजारो मजूर ह्या रोजावर काम करण्याचे नाकारून कामांवरून निघून गेले. संप हा शब्द आपण गिरण्यांपासून मोजतो, परंतु ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांनी केलेला हा संप होता.

त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे केले, ते आमच्या मते ह्या शहरातले पहिले खरे संशोधन होय. सभेने भाषणांवर भागविले नाही. गावोगावची माहिती मागविली, भाव लिहून घेतले, माणसाला जगायला आणि काम करायला किती लागते ह्याचा हिशेब मांडला, आणि तो सरकारला पत्रांमागून पत्रांनी कळविला. त्या कामामागे न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी होते. एकीकडे धरणाचे दगड इंचात मोजले जात होते. दुसरीकडे मजुराचे पोट रत्तलात मोजले जात होते. आणि तिसरीकडे पुण्यातले काही लोक ते दुसरे माप चुकीचे आहे हे आकड्यांनीच दाखवीत होते. आकड्याला आकड्याने उत्तर देण्याची ही रीत आम्ही मजूर संघटनेत त्यांच्याकडूनच शिकलो.

अंगणातली गंगा

खडकवासल्याचे नाव पुढे दोन कारणांनी दूरवर गेले. पुण्याच्या महाविद्यालयातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या येथेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात होते. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की आपोआप उघडावेत आणि उतरले की आपोआप मिटावेत, असे दरवाजे त्यांनी रचले, आणि १९०३ साली ते ह्या धरणावर बसले. त्यामुळे भिंत न वाढविता साठा वाढला.

दुसरे कारण म्हणजे संशोधन केंद्र. दख्खनच्या कालव्यांखाली पाणी मुरून चांगल्या जमिनी चिबड आणि खारवट होऊ लागल्या होत्या. जे पाणी शेतकऱ्याला तारावयास आणले, तेच त्याची जमीन मारू लागले. सिंचनाच्या रीती सुधारण्यासाठी १९१६ साली मुंबई सरकारने एक विशेष कक्ष काढला. त्यातूनच आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले. १९३६ साली मध्यवर्ती सरकारने ते आपल्याकडे घेतले. सर क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तेथे नद्यांची प्रतिरूपे होऊ लागली. जमिनीवर आखून नदीचे पात्र करावयाचे, त्यात वाळू घालावयाची, धरणातून पाणी सोडावयाचे, आणि खऱ्या नदीत वर्षभरात जे होते ते काही तासांत पाहावयाचे. ह्यात मोठी अडचण अशी की, नदी शंभरपट लहान करता येते, परंतु वाळूचा कण शंभरपट लहान केला तर तो वाळूसारखा वागत नाही. म्हणून रुंदीचे प्रमाण एक, खोलीचे दुसरे, असा हिशेब करावा लागतो, आणि मग निघालेले उत्तर किती खरे मानावे हा वेगळाच अभ्यास होतो. बंगालमध्ये गंगेवर असलेल्या हार्डिंज पुलाला १९३३ च्या सुमारास पात्राने धोका निर्माण केला, तेव्हा त्या गंगेचे प्रतिरूप मुठेच्या काठी चालविले गेले. पुलाच्या खांबाशी पात्र किती खोल खरवडले जाते हे सांगणारे एक सूत्र जगभरच्या अभियांत्रिकी ग्रंथांत इंग्लिस-पूना ह्या नावाने दिलेले असते. पुढे दा. वि. जोगळेकर यांनी ह्याच केंद्राची धुरा वाहिली, आणि नद्यांचे वर्तन व नियंत्रण ह्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली निघाला.

अशा प्रतिरूपावर रोज सकाळी वाळू पुन्हा आखून देणारे, पातळीची खूण बघणारे, पाण्याची चावी अर्धा फेरा इकडे-तिकडे करणारे हात असतात. शास्त्रज्ञाच्या वहीत जो आकडा चढतो, तो आधी त्यांच्या डोळ्यांनी वाचलेला असतो. प्रबंधाच्या आभारपत्रिकेत मार्गदर्शक येतात, विभागप्रमुख येतात, आईवडील येतात. वाळू आखणारा क्वचितच येतो.

माणसाचे माप पाण्याच्या मापाबरोबर घेतल्याचीही उदाहरणे आहेत. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालच्या भागाची पाहणी केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालव्याने सरकारला किती पाणीपट्टी मिळते एवढ्यावर न थांबता बागाईत भाग आणि जिराईत भाग शेजारी ठेवून, शेतीत आणि रोजगारात काय फरक पडला हे त्यांनी पाहिले. आणि स्वतः दोन परदेशी विद्यापीठांच्या डॉक्टरेट मिळविलेले बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते पाहत होते, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्यात होते. नद्यांच्या मध्यवर्ती आयोगाची स्थापना १९४५ साली त्यांच्याच काळात झाली. मजूर आणि पाणी एकाच मेजावर होते. पुढे ती दोन खाती झाली, आणि दोन खात्यांचे मेज एकमेकांपासून फार लांब असते.

१२ जुलै १९६१

आता ज्या दिवसाचे नाव घेतल्यावाचून पुण्यात पाण्यावर बोलता येत नाही, त्या दिवसाकडे येऊ. खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम १९६२ च्या पावसाळ्यापर्यंत पुरे व्हावयाचे होते. परंतु एक वर्ष आधीच पाणी अडविण्याचे ठरले. पावसाळा आला तेव्हा बांध उंच झाला होता, पण त्याच्या पोटातून जाणाऱ्या मोरीचे दरवाजे पुरते बसले नव्हते. अर्धवट उघड्या दरवाजाखालून पाणी जोराने जाऊ लागले की ते मोरीत एकसारखे वाहत नाही. कधी छताला लागते, कधी सुटते, आणि प्रत्येक धक्क्याने मोरी हादरते. मोरी लोखंडी सळयांच्या काँक्रीटची नव्हती, साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती. ती हादरली, खिळखिळी झाली, आणि तिच्यावरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून खचणारा माथा धरून ठेवला. बांध सकाळी फुटला. रात्री फुटता तर झोपेतल्या शहराचे काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. काही तासांनी खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पाणी पेठांत शिरले. लकडी पूल बुडाला. नदीकाठच्या पेठांतले वाडे मातीसारखे विरघळले. हजारो कुटुंबे उघड्यावर आली.

ज्या नदीच्या काठी गंगेचे प्रश्न सोडविले जात होते, त्याच नदीवर हे घडले. ह्यात कोणा संस्थेला किंवा व्यक्तीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर यांचे चौकशीच्या काळातच निधन झाले, आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पुरे केले. आमचे म्हणणे वेगळे आहे. अर्धवट उघड्या दरवाजाखालचे पाणी कसे वागते, हा प्रयोगशाळेत अभ्यासण्याजोगा प्रश्न होता. म्हणजे शास्त्र कमी पडले असे म्हणता येत नाही. शास्त्राला विचारण्याइतका वेळ घाईने ठेवला नाही. दुसरे असे की, बांधावर काम करणाऱ्याला बांध आधी कळतो. माती ओली पडली की कोरडी, धुमस पुरेसे बसले की नाही, दगड आज कसा वाजतो, हे पायांना आणि हातांना समजते. पण जो हजेरीवर असतो त्याला तोंड नसते. ‘काम घाईचे होते आहे’ असे मजूर किंवा मुकादम म्हणाला तर उद्या त्याची हजेरी लागेल की नाही, ह्याची हमी कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नसते. मोठमोठ्या कामांवर आम्ही तीस वर्षे हेच पाहत आलो आहो. सुरक्षेचे शास्त्र केवळ दरवाजात आणि सळईत नसते. बोलणाऱ्याची रोजी सुरक्षित असणे हाही त्याचा भाग आहे. धरणांच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा संसदेने केला तो २०२१ साली, पानशेतनंतर साठ वर्षांनी.

पुरानंतर खडकवासल्याचे पाणी बंद झाले. तेव्हा वाड्यांतले आड उपसले गेले आणि पेशवाईतले हौद पुन्हा उपयोगी पडले. अनाम गवंड्यांचे काम दोनशे वर्षांनी पुणेकरांच्या घशाला लागले.

कचऱ्यातले शास्त्र

पर्यावरण अभियांत्रिकी हे नाव आपल्याकडे नवे आहे. आधी त्याला सार्वजनिक आरोग्याची अभियांत्रिकी म्हणत. नागपूरला ह्या विषयाची राष्ट्रीय संस्था १९५८ साली निघाली तीही त्याच नावाने, आणि १९७४ साली तिच्या नावात पर्यावरण आले. शहराचा कचरा किती, कोठे आणि कोणत्या यंत्राने जिरवावा, ह्यावर तेव्हापासून पुष्कळ संशोधन झाले. परंतु त्यातल्या बऱ्याच आराखड्यांत कचरा घरातून थेट गाडीत जातो. मध्ये उकिरड्यावर वाकलेली बाई दिसत नाही.

ती बाई पुण्यात दिसू लागली १९९३ साली, जेव्हा बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या अध्यापिका ह्या कामात आरंभापासून होत्या. संघटनेने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. आणि मग हिशेब मांडला. एक बाई दिवसाला किती आणि काय वेचते, काय भावाने विकते, तेवढा माल पुन्हा कारखान्यात गेल्यामुळे पालिकेचा वाहतुकीचा आणि जागेचा किती खर्च वाचतो, हे सारे मोजले गेले. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून सिद्ध झाले ते असे की, जिला शहर घाण समजत होते ती शहराला पदरचे पैसे वाचवून देत होती. २००८ साली ह्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. हे काम कोणा एकाच्या पदवीसाठी झाले नव्हते, परंतु संशोधनाचे सर्व गुण त्यात आहेत : प्रश्न स्पष्ट, माप प्रत्यक्ष, निष्कर्ष तपासता येण्याजोगा. एक गुण जास्तीचा : ज्यांचे माप घेतले त्यांच्याच हाती ते माप परत आले. १८७७ च्या सार्वजनिक सभेचा धागा आम्हांला येथे पुन्हा सापडतो.

पुढे काय

ही गोष्ट संपलेली नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरले. सदाशिव पेठेपासून ही वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. ज्या ओढ्यावर नानासाहेबांनी कात्रजचा तलाव केला, तोच हा ओढा; आणि पाणी चढले ते अरण्येश्वर-सहकारनगरच्या परिसरात, जेथे पानशेतच्या पूरग्रस्तांच्या सोसायट्या वसल्या होत्या. दोन्ही वेळी घर गेले ते बहुतेक हातावर पोट असणाऱ्यांचे. कालव्याची भराव भिंत कोठे झिरपते, ओढा कोठे अरुंद झाला, पाणी कोणत्या गल्लीतून आधी येते, हे तेथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. ते कोणत्या नकाशात चढते का, हा आमचा प्रश्न आहे.

म्हणून ह्या व्यासपीठावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पुण्याच्या पाण्यावर, मैलापाण्यावर, कचऱ्यावर जो कोणी पदवीसाठी प्रबंध लिहील, त्याने त्याचा सारांश मराठीत, शंभर-दीडशे ओळींत, त्या वस्तीत जाऊन वाचून दाखवावा. विद्यापीठाने तो पदवीचाच एक भाग मानावा. दुसरी सूचना अशी की, चावीवाला, गटारात उतरणारा, बांधावरचा मुकादम, कचरा वेचणारी बाई ह्यांच्या साक्षी पद्धतशीर लिहून घ्याव्यात आणि ज्याने माहिती दिली त्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, प्रबंधात छापावे. गटारात माणूस उतरविण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी केली असतानाही माणसे उतरतात आणि मरतात. त्यांच्या श्वासावर संशोधन होण्यास आणखी कोणत्या परवानगीची वाट पाहावयाची? तिसरी सूचना आमच्या संघटनेलाच आहे. मजुराचा मुलगा किंवा मुलगी अभियंता झाली की आपण पेढे वाटतो आणि थांबतो. तिने पुढे संशोधन करावे म्हणून चार-पाच वर्षे घर चालवायला जो पैसा लागतो, तो वर्गणीतून उभा केला पाहिजे. जिचा बाप मोरीच्या खंदकात उभा राहिला आहे, तिला त्या मोरीबद्दल विचारायचे प्रश्न आधीच ठाऊक असतील.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती विद्वानांचे ज्ञान नागरिकांपर्यंत पोचावे म्हणून. पुढच्या कोणत्या तरी वसंतात व्यासपीठावर एका बाजूला मुठेवर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी आणि दुसऱ्या बाजूला आपल्या पेठेचा चावीवाला बसलेला असावा, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे तपासावेत. असे व्याख्यान ठरले तर खुर्च्या लावायला आम्ही येऊ.